कान नसलेला कप

संजय ओव्हाळ विक्रीकर खात्यातून निवृत्त झाले तेव्हा खात्यानं त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. 'साहेब' ही पदवी मात्र परत मागून घ्यायची राहून गेली. त्यामुळं निवृत्तीनंतरही ते मनातल्या मनात स्वतःला साहेबच म्हणत, आणि फजिती झाली तर आवर्जून म्हणत. गॅसवर दूध उतू गेलं की 'वा साहेब'. विश्रांतवाडीच्या सिग्नलला चुकीच्या लेनमध्ये घुसले की 'या साहेब, आपलीच वाट बघत होते सगळे'. त्यांची गोष्ट सांगायची तर त्यांच्याच सुरात सांगायला हवी, कारण त्यांना त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणी छळलेलं नाही.

निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने साहेबांनी घराची तपासणी केली. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुड्या किती, त्यातल्या सडक्या किती, डाळीच्या डब्यावर तारीख का नाही, अशी विचारपूस सुरू झाली. त्यांच्या पत्नी ललिताबाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. वर्गातली पन्नास पोरं त्यांना कधी जड गेली नाहीत, पण घरातला हा एक तपासणी अधिकारी जड जाऊ लागला. शेवटी मुलीनं, आम्रपालीनं, हिंजवडीच्या ऑफिसात बसल्या बसल्या फोनवरून बाबांचं नाव एका मातीकामाच्या वर्गात घालून टाकलं. "बाबा, इट्स थेरप्युटिक," ती म्हणाली. थेरपी नक्की कुणाची, बाबांची की आईची, ते तिनं सांगितलं नाही.

वर्ग शनिवार पेठेत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. चालवणारी शेफाली, पस्तिशीची, जपानात राहून तिकडच्या पद्धतीची चहाची भांडी करायला शिकून आलेली. बाकीचे विद्यार्थी पंचविशीचे. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, पण इथली गाय नुसतीच लंगडी होती. नोकरीभर साहेबांनी नुसता चष्मा पुसला तरी समोरचा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसायचा. चाकावरची माती मात्र सरळ व्हायला तयार नव्हती. ती एकदा डावीकडं झुकायची, एकदा उजवीकडं, आणि साहेबांनी जरा दरडावून धरली की चाकावरून उठून थेट त्यांच्या पोटावर यायची. पहिल्या महिन्यात त्यांनी घरी आणलेल्या वस्तूंपैकी एकीत ललिताबाईंनी लसूण ठेवला, दुसरीत डासांची कॉईल आणि तिसरी दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला लावली. तिसरी खरोखर उपयोगी पडली, हे साहेबांनीही मान्य केलं.

मग त्यांना तो शोध लागला. शेफालीनं एकदा सांगितलं की जपानात चहाच्या वाडग्याचं वाकडेपण, खरखरीतपण, हाताचे ठसे, हेच त्याचं सौंदर्य मानतात. साहेबांना वाटलं, हा देश आपल्याला इतकी वर्षं कुणी कळू कसा दिला नाही. नाचता येईना तर अंगण वाकडं, ही म्हण त्या लोकांना सांगितली असती तर त्यांनी अंगणाचंच कौतुक केलं असतं. त्या दिवसापासून साहेबांच्या हातून चूक म्हणून होईनाशी झाली. जे बिघडेल ते जपानी.

आता जपानी वाडग्याला, म्हणजे तिकडच्या 'चावान'ला, कान नसतो. दोन्ही हातांच्या ओंजळीत धरायचा, म्हणजे चहाची ऊब आधी तळव्यांना कळते. हातांना सोसवेल इतका निवला की ओठांनाही सोसवतो, असं त्यामागचं शास्त्र. पण ते शास्त्र हिरव्या, बेतानं गरम केलेल्या चहाचं. आपल्याकडं आलं ठेचून, दूध घालून, तीनदा वर येईपर्यंत उकळलेला चहा गाळल्या गाळल्या पाहुण्याच्या हातात देतात. साहेबांचे खात्यातले जुने मित्र इंद्रजीत पाटणकर घरी आले तेव्हा त्यांनी तो वाडगा उजव्या हातातून डाव्यात, डाव्यातून उजव्यात असा बराच वेळ खेळवला आणि शेवटी टीपॉयवर ठेवून बोटांवर फुंकर घातली. "चहा उत्तम झालाय वहिनी," ते म्हणाले. "फक्त तो असा शिक्षा केल्यासारखा का देता ते कळलं नाही." यावर साहेबांनी त्यांना जपानी चहापानावर अर्धा तास ऐकवलं. पाटणकर त्यानंतर आले की दारातच सांगायचे, आत्ताच घेऊन आलोय.

वर्गात भाजायला विजेची लहान भट्टी होती, पण शेफालीची लाकडावर चालणारी भट्टी लोणी काळभोरला, ज्ञानदेव नावाच्या शेतकऱ्याच्या उसाच्या कडेला होती. अशा भट्टीत भांडी दिवसभर जाळात राहतात. लाकडाची राख ज्वाळांबरोबर आत उडते, भांड्यांवर बसते आणि उष्णता पुरेशी चढली की तिथंच वितळून तिची झिलई होते. कोणत्या भांड्यावर काय उमटेल हे भट्टी उघडेपर्यंत कुणालाच माहीत नसतं. झिलईसाठी चिडाचं, म्हणजे पाइनचं, लाकूड चांगलं, आणि ते फुकट मिळायचं ठिकाण म्हणजे मार्केट यार्डातला फळबाजार. सफरचंदाच्या मोडक्या पेट्या तिथं पडून असतात. त्या गोळा करायचं काम साहेबांनी हौसेनं स्वतःकडं घेतलं.

पहिल्याच फेरीत एका आडत्यानं त्यांना ओळखलं. साहेब गाळ्यासमोर उभे राहून रिकाम्या पेट्या मोजताहेत हे बघून तो गादीवरून उठला आणि पायात चपला न घालताच बाहेर आला. साहेबांनी किती समजावलं की आपण निवृत्त झालो, आता वाडगे करतो. वाडग्यांचं कारण ऐकून तर त्याचा संशय पक्का झाला. त्यानं दोन हमालांना हाक मारली आणि चांगल्या पेट्यासुद्धा रिकाम्या करून साहेबांच्या गाडीत भरून दिल्या. 'घ्या साहेब,' ते वाटेत स्वतःला म्हणाले, 'सारी नोकरी स्वच्छ केली आणि लाच शेवटी लाकडात घेतली.' पुढच्या फेरीपासून ते टोपी घालून जाऊ लागले.

त्या पहिल्या भाजणीत साहेबांची सात-आठ भांडी होती. बहुतेक वाडगे नेहमीसारखे जपानी निघाले. पण एक खरोखरच चांगला निघाला. बाहेरून भाजक्या भाकरीच्या रंगाचा, एका अंगाला राखेची हिरवट झिलई ओघळून थांबलेली, आणि ओंजळीत घेतला की तळवे आपोआप त्याच्याभोवती जमायचे. शेफालीनं तो उचलला, फिरवला, तळ बघितला आणि काही न बोलता परत ठेवला. ती असं फक्त चांगल्या भांड्यांच्या बाबतीत करते. साहेबांनी तो घरी नेईपर्यंत गाडीत मांडीवर धरला होता, म्हणजे गाडी एका हातानं चालवली. त्यांनी त्याच वेळी ठरवलं, हा दादांना.

दादा म्हणजे त्यांच्याकडंच राहणारे त्यांचे वडील, सीताराम ओव्हाळ, वय चौऱ्याऐंशी. दौंडच्या पलीकडच्या एका खेड्यात जन्म, पंधराव्या वर्षी वडिलांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा, मग पुणे, मग खडकीच्या कारखान्यात सामान बांधण्याच्या खात्यात सगळी हयात. माणूस कमी बोलणारा. मुलगा अधिकारी झाला तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते की बरं झालं, आता कागद नीट बघत जा. मुलाची नोकरी अशी की बापाला हातात घेऊन बघावं असं तिच्यातून कधी काही निघालं नाही. आता निघालं होतं. आपल्या हातची एक तरी वस्तू दादांनी रोज वापरावी, इतकंच साहेबांना हवं होतं, आणि साठी गाठलेल्या माणसाला ते इतकं हवं असावं याची त्यांना जरा लाजही वाटत होती.

चहाच्या बाबतीत दादांचे नियम कडक. पांढराशुभ्र कप, सोनेरी कडेचा, आणि जोडीची बशी. घरात टवका उडालेला कप दिसला की तो त्याच दिवशी बाहेर. आणि नुसता कचऱ्यात नाही टाकायचा. दादा तो आधी कागदात गुंडाळून वरवंट्यानं फोडायचे, म्हणजे दुसऱ्या कुणी उचलून वापरायला नको. साहेब लहानपणापासून हे बघत आले होते आणि हा कारखान्याच्या शिस्तीचा भाग आहे अशी त्यांची समजूत होती.

दादांचा वाढदिवस एक जूनला, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी बऱ्याच मुलांना सरसकट तोच दिला होता. त्या सकाळी साहेबांनी स्वतः चहा केला, वाडग्यात ओतला आणि तो दोन्ही हातांनी दादांपुढं ठेवला. ललिताबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

दादांनी वाडग्याकडं बराच वेळ पाहिलं. "याचा कान कुठाय?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी सांगितलं, जपानी वाडग्याला कान नसतो. मग ऊब, ओंजळ, राख, ज्वाळा, वाकडेपणातलं सौंदर्य, हे सगळं सांगितलं. पाटणकरांना ऐकवून ते पाठच झालं होतं.

"आणि बशी?"

बशीही नसते, साहेब म्हणाले.

दादांनी एका बोटानं वाडगा टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला. आवाज चढवला नाही. "आमच्या गावच्या हॉटेलात होता असा," ते म्हणाले. "कान मोडलेला. बाहेर कुडाच्या खोबणीत असायचा. आपणच काढायचा, आपणच विसळायचा, मग हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. पिऊन झालं की परत विसळून खोबणीत. आपल्या सगळ्या वस्तीला तो एक कप. एवढा खर्च करून जपानातनं तू तोच घेऊन आलास होय?"

ते उठले, आपला पांढरा कप आणि बशी मोरीत धुतली, पुसली आणि स्वतःच्या खोलीतल्या कपाटात ठेवून दिली. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

साहेब तिथंच बसून राहिले. आणि मग त्यांना ते आठवलं, जे आठवायला नको होतं. दीडच महिन्यापूर्वी, जयंतीच्या कार्यक्रमात, वस्तीच्या वाचनालयात त्यांचं भाषण झालं होतं. विषय होता पाणवठे आणि उपाहारगृहांतली अस्पृश्यता. त्यात हा कप होता. वेगळा ठेवलेला, मोडका, ज्याचा त्यानं विसळायचा. साहेबांनी आवाज कापरा करून त्याचं वर्णन केलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. भाषणातला कप त्यांना तोंडपाठ होता. तोच कप स्वतःच्या हातानं घडवून, भाजून, ज्यानं तो प्यायला होता त्याच्यापुढं नेऊन ठेवताना मात्र त्यांना ओळखू आला नाही. 'वा साहेब,' ते म्हणाले, पण यावेळी त्यांना स्वतःची गंमत वाटली नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली.

ललिताबाई शेजारी येऊन बसल्या. "अहो, तुम्हाला दिसलं कसं नाही, असं मी विचारणार होते," त्या म्हणाल्या. "पण मलाही कुठं दिसलं? मी इतके महिने तसल्याच एकात लसूण ठेवतेय."

दुसऱ्या दिवसापासून दादांनी चहा घेणं सुरू केलं, पण कप कपाटातूनच यायचा. चहा झाला की ते खोलीतून कपबशी घेऊन येत, पीत, स्वतः धुऊन पुन्हा आत ठेवत. साहेबांनी माफी मागितली तर ते म्हणाले, राहू दे, तुला काय माहीत. राग नव्हता. सवय लागल्यासारखं चाललं होतं. म्हणजे घरात त्याच माणसाचा कप पुन्हा वेगळा झाला होता आणि त्याचं सगळं श्रेय साहेबांचं होतं.

तो चांगला वाडगा साहेबांना घरात बघवेना. फोडायला वरवंटा हातात घेतला, पण फोडवेना. पुढच्या वेळी भट्टीवर पेट्या टाकायला गेले तेव्हा त्यांनी तो ज्ञानदेवच्या आईच्या, सोजरबाईंच्या हातात दिला आणि ठेवून घ्या म्हणाले. सोजरबाई पंच्याहत्तरीच्या, शेतावरच्या घरात राहणाऱ्या. त्यांनी तो धुतला आणि वापरायला काढला. राख आणि ज्वाळांबद्दल त्यांना काही ऐकायचं नव्हतं.

मग साहेबांनी कान करायला घेतले. ठरवलं, दादांसाठी कान असलेला कप करायचा, बशीसकट. कान ओढून काढणं हे वाडग्यापेक्षा अवघड निघालं. एक कान पैलवानाच्या कानासारखा चपटा झाला. एक वाळता वाळता तडकला. एक इतका बारीक झाला की त्यात करंगळीही जाईना. शेफालीनं दोन आठवडे सोसलं आणि मग म्हणाली, "काका, चावानला कान लावला की तो चावान राहत नाही. साधा कप होतो."

"मला साधा कपच करायचाय," साहेब म्हणाले. कारण सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही, पण त्या दिवशी ती स्वतः शेजारी बसली आणि मातीची पट्टी ओल्या हातानं कशी ओढायची ते तिनं त्यांना पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. शेवटी चार कपांचे चार कान जागेवर राहिले. बशा पापडासारख्या कडेला उचलल्या गेल्या, पण बशाच होत्या.

दुसऱ्या भाजणीचा दिवस ठरला आणि नेमक्या त्याच दिवशी ललिताबाईंना भाचीच्या बाळाच्या बारशाला साताऱ्याला जावं लागलं. दादांना एकटं ठेवायचं नव्हतं. साहेबांनी भीत भीत विचारलं, येता का लोणीला? दादा म्हणाले, येतो, मोकळी हवा तरी मिळेल. निघताना त्यांनी कापडी पिशवी घेतली. त्यात रुमालात गुंडाळलेली कपबशी होती. साहेबांनी ती पाहिली आणि गाडीचं दार उघडून धरलं.

भट्टी पहाटेच पेटली होती. दुपार टळेपर्यंत ती अशी तापली की आतला जाळ केशरीवरून पांढऱ्याकडं जायला लागला. ही सगळ्यात नाजूक वेळ. दर थोड्या वेळानं लाकूड पडलं पाहिजे, जास्त नाही, कमी नाही. शेफाली बाजूच्या भोकातून आत बघत होती आणि साहेब जाळाच्या तोंडाशी हातमोजे घालून पेट्यांच्या फळ्या सारत होते. आपली जागा सोडायची नाही, असं तिनं बजावलं होतं. दादा जरा लांब चिंचेखाली खुर्ची टाकून बसले होते आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच साहेबांना ते निवांत दिसले.

तेवढ्यात सोजरबाई किटली घेऊन घरातून आल्या. दुसऱ्या हातात तो वाडगा.

साहेबांच्या हातातली फळी तशीच राहिली. ओरडावं तर काय ओरडावं? त्या दादांपाशी जाऊन पोहोचल्या, वाडग्यात चहा ओतला आणि पुढं धरला. दादांनी तो पाहिला, ओळखला. मग खाली वाकून पिशवीतला रुमाल काढला, तो सोडला आणि आपला पांढरा कप पुढं केला. "यात द्या बाई," ते म्हणाले.

सोजरबाईंनी कपाकडं पाहिलं. मग दादांकडं. किटली हळूच जमिनीवर ठेवली. "सोताचा कप घिऊन आलाव व्हय," त्या म्हणाल्या. "का वो दादा, आमच्या घरचं भांडं चालत न्हाई तुमाला?"

रागानं विचारलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं होतं, तेवढंच. पण साहेबांनी दादांचा चेहरा पाहिला. हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना विचारला होता. आजवर तो प्रश्न त्यांच्याबद्दल असायचा, दुसऱ्या बाजूनं, आणि विचारायच्या आधीच त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. आता वेगळा कप त्यांच्या हातात होता आणि समोरचं माणूस कमीपणा वाटून उभं होतं. दादांचा कप धरलेला हात खाली आला.

"तसं नाही बाई," ते म्हणाले. "तुमच्या घरचं का चालणार नाही? या भांड्याला कान नाही, म्हणून." आणि मग त्यांनी खोबणीतल्या कपाची गोष्ट सांगितली, दोन-तीन वाक्यांत, साहेबांना सांगितली होती त्याहूनही थोडक्यात.

सोजरबाई ऐकता ऐकता खाली उकिडव्या बसल्या. "माज्या माहेरी वळचणीला हुता तसला," त्या म्हणाल्या. "म्या ल्हान हुते. आय म्हनायची, त्येला शिवू नगंस." त्या वाडग्यातल्या चहाकडं बघत राहिल्या.

"मग आज आधी तुम्ही घ्या त्यातनं," दादा म्हणाले. "उरलेला मला द्या."

सोजरबाई थांबल्या. खोटं कशाला सांगा, थांबल्या. परक्या पुरुषाला आपला उष्टा चहा द्यायचा, हेच मुळी त्यांच्या वयाच्या बाईला अवघड. आणि त्याच्या मागं ती दुसरी गोष्टही उभी होती, आईनं सांगितलेली. जाळाच्या तोंडाशी उभ्या साहेबांना दोन्ही दिसल्या. त्यांना वाटलं, आता ह्या हसतील, काहीतरी कारण काढून उठतील, आणि आपण दादांना इथंही आणून हेच दाखवलं असं होईल.

सोजरबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, वाडगा दोन्ही हातांत उचलला आणि चांगला आवाज करून एक फुरका मारला. मग आणखी एक. निम्मा चहा संपवला आणि कडा न पुसता वाडगा दादांपुढं धरला. "घ्या," त्या म्हणाल्या. "साकर जरा जास्त झालीया."

दादांनी घेतला. दोन्ही हातांनी, ओंजळीत. कसा धरायचा हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. एक घोट घेतला, डोळे मिटले, आणखी एक घेतला. मग डोळे उघडून त्यांनी हाक मारली, "संजय, इकडं ये."

साहेब गेले. हातमोजे काढायचंही भान नव्हतं. दादांनी वाडगा त्यांच्यापुढं केला. तळाशी दोन घोट उरले होते. "घे," ते म्हणाले. "हाताला लागतो छान."

ते दोन घोट साहेबांनी उभ्या उभ्या घेतले आणि तिथंच, सोजरबाईंसमोर, रडले. धूर जवळच होता, त्याच्यावर ढकलता आलं असतं, पण त्यांनी ढकललं नाही.

"काका!" शेफालीची हाक आली. "लाकूड कोण टाकतंय?"

कुणीच टाकत नव्हतं. भट्टी झपाट्यानं उतरली होती. साहेब धावत गेले आणि उशीर भरून काढायला त्यांनी एकदमच इतक्या फळ्या आत कोंबल्या की जाळ गुदमरला आणि चिमणीतून काळा धूर उसावर पसरला. शेफालीनं त्यांच्याकडं पाहिलं. "काका, तुम्ही तिकडं बसा," ती म्हणाली. "प्लीज, काही करू नका." पुढची सगळी भट्टी तिनं एकटीनं सांभाळली, पण गेलेली उष्णता पूर्ण परत आली नाही. संध्याकाळी भट्टीचं तोंड लिंपताना तिनं सांगितलं की झिलई नीट वितळली नसणार. काकांच्या चारही कपांचे कान टिकतील, पण कप राखाडी आणि खरखरीत निघतील. इतरांच्या भांड्यांबद्दल ती काही बोलली नाही, आणि साहेबांना त्याचंच जास्त वाईट वाटलं. इतर विद्यार्थ्यांना काय तोंड दाखवायचं याची तयारी ते मनात करू लागले. दिवसभराची लाकडं, मार्केट यार्डातली ती सगळी बदनामी, सगळं एका वाडगाभर चहात गेलं होतं, तोही निम्मा दुसऱ्याचा उष्टा.

निघताना सोजरबाई दारात आल्या. वाडगा धुऊन त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळला होता. "घिऊन जावा," त्या दादांना म्हणाल्या. "तुमच्याच पोरानं केल्यालं हाय."

दादांनी हात पुढं केला नाही. "नको," ते म्हणाले. "तो इथंच राहू दे. मी येईन पुन्हा." मग त्यांनी विचारलं, "कुठं ठेवता?"

"आत. मांडणीवर."

"ठेवा बरं."

सोजरबाई आत गेल्या. दादांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला, दोन पायऱ्या चढून उंबऱ्यापर्यंत गेले आणि आत बघत उभे राहिले. सोजरबाईंनी कागद सोडला, मांडणीवरचे घरातले पेले जरा सरकवून जागा केली आणि वाडगा त्यांच्या मधोमध ठेवला. मागं वळून त्यांनी विचारलं, "दिसला?"

"दिसला," दादा म्हणाले, आणि तरीही बराच वेळ तिथंच उभे राहिले.